खेळ संपल्यावरची रुखरुख

खेळ जिंकला म्हणजे आनंद व्हावा, ही आपली साधी अपेक्षा असते. बुद्धिबळात राजा कोंडला की डाव मिटतो. क्रिकेटमध्ये शेवटची धाव निघाली की बॅट खांद्यावर टाकून घरी जाता येते. परंतु अलीकडे संगणकावर काही खेळ असे निघाले आहेत, की ते शेवटास नेल्यावर मनुष्य पडद्यासमोर मुकाट्याने बसून राहतो. जिंकल्याचे समाधान असते, आणि त्याच्याच शेजारी दुसरे काहीतरी येऊन बसलेले असते. ते दुसरे काय आहे आणि त्याला मान द्यावा की झटकून टाकावे, असा आमच्यापुढे प्रश्न आहे. व्हिडिओ गेमची चर्चा या पानांत कशाला, असे आमच्या काही वडीलधाऱ्या वाचकांस वाटेल. त्यांना इतकेच सांगतो की, आपली नातवंडे रात्री दार लोटून ज्यात गढलेली असतात, त्यात सगळाच धुडगूस नसतो. कधी कधी त्यात आपल्या शब्बाथ शाळेतल्या धड्यांहून अवघड प्रश्न असतो.

आम्ही बोलतो आहोत तो खेळ 'धिस वॉर ऑफ माइन' या नावाचा. पोलंडची राजधानी वॉर्सा येथील 'इलेव्हन बिट स्टुडिओज' या संस्थेने तो नोव्हेंबर २०१४ मध्ये बाहेर काढला. युद्धावरचा खेळ म्हटला की हातात बंदूक घेतलेला शिपाई डोळ्यांपुढे येतो. येथे खेळणारा शिपाई नाही. वेढा पडलेल्या पोगोरेन नावाच्या कल्पित शहरात, एका पडक्या घरात आसरा घेतलेली साधी माणसे त्याच्या हाती सोपवलेली असतात. बहुधा सुरुवातीस तिघे असतात : वार्ताहर असलेली कात्या, स्वयंपाकी ब्रूनो आणि फुटबॉलपटू पाव्ले. दिवसा बाहेर पडता येत नाही, कारण लपून बसलेले नेमबाज टिपतात. दिवसभर घरातच खाट ठोकायची, शेगडी जुळवायची, पावसाचे पाणी साठवायचे. रात्री तिघांपैकी एकाने झोळी घेऊन निघायचे आणि पडक्या घरांतून अन्न, औषध, लाकूड जे मिळेल ते आणायचे. झोळीत जागा थोडी. मागे राहिलेल्यांनी पहारा करायचा, कारण आपल्यासारखेच दुसरे भुकेलेले आपल्या दारावर येतात. मग थंडी पडते. शेगडीत घालावयास लाकूड उरत नाही, तेव्हा पुस्तके जाळण्याची सोय खेळात आहे. शस्त्रसंधी होईपर्यंत जिवंत राहायचे, हाच विजय. ती केव्हा होईल हे खेळणाऱ्याला आधी ठाऊक नसते.

शहर कल्पित असले तरी कल्पना हवेतून आलेली नाही. खेळ रचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः बोस्नियातील सारायेव्हो शहर होते. ५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६ असे १,४२५ दिवस त्या शहराला वेढा पडला होता. भोवतालच्या डोंगरांवर तोफा, उंच इमारतींत नेमबाज, आणि खाली पाण्याच्या रांगेत डबे घेऊन उभी असलेली माणसे. लोकांनी बागांतली झाडे तोडून जाळली, मग घरातले लाकडी सामान, मग पुस्तके. ऑगस्ट १९९२ मध्ये तेथील राष्ट्रीय ग्रंथालयच तोफगोळ्यांनी पेटले. १९९३ साली विमानतळाच्या धावपट्टीखालून सुमारे ८०० मीटर लांबीचे भुयार खणले गेले. त्यातून वाकून चालत माणसे पीठ, औषधे आणि दारूगोळाही पाठीवर वाहून आणीत. ६ एप्रिल २०१२ रोजी, वेढ्याला वीस वर्षे झाली तेव्हा, शहराच्या मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या रिकाम्या मांडण्यात आल्या. मरण पावलेल्या प्रत्येकासाठी एक. त्यांत मुलांसाठी लहान खुर्च्या होत्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यांतल्या काहींवर खेळणी ठेवली.

आता त्या खेळातल्या एका घराविषयी. त्यात एक वृद्ध जोडपे राहते. त्यांच्यापाशी शस्त्र नाही. फडताळात अन्न आहे, औषधे आहेत. आपण आत शिरून उचलू लागलो, तर म्हातारा मागे मागे येतो आणि विनवण्या करतो. तो हात उगारीत नाही, कोणाला हाक मारीत नाही. कोणी पाहत नाही, पकडत नाही, शिक्षा होत नाही. सगळे खेळणाऱ्याच्या मनावर सोडलेले आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही हा खेळ पाच-सहा संध्याकाळी बसून शेवटास नेला. आमचा ब्रूनो आजारी होता. आम्ही त्या घरात गेलो, फडताळ पाहिले, आणि काही न घेता परत आलो. ब्रूनोचा आजार बळावला व तो गेला. कात्या आणि पाव्ले शस्त्रसंधीपर्यंत टिकली. शेवटी पडद्यावर प्रत्येकाचे पुढे काय झाले ते येते. ते वाचून झाल्यावरही आम्ही उठलो नाही. म्हाताऱ्याचे औषध घ्यावयास हवे होते, असे आम्हांस त्या वेळी वाटले नाही आणि आजही वाटत नाही. तरी ब्रूनो डोक्यातून जाईना. आमचे हात स्वच्छ राहिले होते, परंतु त्याची किंमत आम्ही दिली नव्हती. ती त्याने दिली होती.

आमच्या मंडळीतल्या, महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने नेमके उलट केले. त्याने औषध घेतले आणि त्याची तिघेही जगली. तरी तो आमच्याकडे आला तो अस्वस्थ होऊन. त्याने विचारले, "काका, प्रभुभोजनाआधी आपण स्वतःची परीक्षा करतो. त्यात हे धरायचं का?" तेथे बसलेल्या एका वडिलांना हसू आले. "अरे, खेळातलं कसलं आलंय पाप? उद्या सापशिडीत साप चावला म्हणून दवाखान्यात जाशील!" मुलगाही हसला, पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही.

वडिलांचे म्हणणे सरळ आहे, आणि बऱ्याच अंशी बरोबर आहे. पडद्यावर म्हातारा नाही, ठिपके आहेत. कोणाचेही औषध गेलेले नाही. परंतु मग चित्रपट पाहताना डोळे ओले होतात ते का? तेथेही पडदाच असतो. यावर असे म्हणता येईल की, तो करुणेचा झरा आहे, तो कल्पनेनेही वाहतो. मान्य. परंतु त्या तरुणाला वाटत होते ते करुणेसारखे नव्हते. चित्रपटात म्हाताऱ्याला कोणी लुबाडले तर आपण म्हणतो, अरेरे, बिचारा. येथे तो म्हणत होता, मी घेतले. फडताळ उघडणारे बोट त्याचे होते.

आपल्या मराठीने या ठिकाणी मोठी सोय करून ठेवली आहे. हळहळ, रुखरुख आणि पश्चात्ताप असे तीन शब्द आपल्यापाशी आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. शेजारच्या गावात घर जळाले तर आपण हळहळतो; त्यात आपला हात नसतो. आपल्या हातून वाईट घडले आणि ते आपण टाळू शकत होतो, तर पश्चात्ताप. या दोहोंच्या मध्ये रुखरुख आहे. मुलीच्या लग्नासाठी जमीन विकणाऱ्या बापाला ती असते. आजारी आईपाशी राहायचे की परगावच्या नोकरीवर हजर व्हायचे, या पेचात ज्याने काही एक निवडले, त्याला ती असते. त्याने चूक केलेली नाही. पुन्हा वेळ आली तर तो तेच करील. पण जे राहून गेले ते त्याच्या नावावर आहे, परक्याच्या नव्हे.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली एका निबंधात याच जागेवर बोट ठेवले. त्यांचे उदाहरण एका ट्रकचालकाचे आहे. त्याचा काही दोष नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल सापडते. रस्त्यावर पाहणाऱ्या सर्वांना वाईट वाटते. परंतु चालकाला वाटते ते वेगळ्या जातीचे असते. लोक त्याची समजूत घालतात, आणि घातलीच पाहिजे. मात्र तो लगेच समजूत पटवून घेऊन दुसऱ्या दिवशी शीळ घालीत गाडी काढू लागला, तर त्याच लोकांना त्याच्याविषयी शंका येईल. याहून आधी, १९६५ मध्ये, विल्यम्स यांनी असेही दाखवले होते की, दोन कर्तव्ये एकमेकांना छेदतात तेव्हा योग्य ते निवडले तरी न निवडलेले कर्तव्य नाहीसे होत नाही. गणितात उत्तर बरोबर आले की बाकी शून्य उरते. कर्तव्याच्या बाबतीत बाकी उरते. आमच्या मते त्या खेळाच्या अखेरीस खेळणाऱ्याच्या शेजारी येऊन बसते ती हीच बाकी.

आपल्या व्यासपीठांवरून या मधल्या शब्दाची फारशी दखल घेतली जात नाही, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. कोणी अस्वस्थ होऊन आला की आपण त्याला पश्चात्तापाकडे नेतो, नाही तर 'तुझी काही चूक नाही' म्हणून वाटेला लावतो. ज्याच्याकडे पदरात घालण्याजोगा दोषही नाही आणि झटकण्याजोगे क्षुल्लक दुःखही नाही, तो बिचारा मधल्या मध्ये उभा राहतो.

ही अस्वस्थता खेळ चालू असताना का येत नाही, संपल्यावरच का येते? शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना २ राजे, अध्याय ६ व ७ यांतील शोमरोनचा वेढा ठाऊक आहे. गाढवाच्या डोक्याला ऐंशी रुपे पडत होती, आणि दोन आयांमध्ये झालेला करार तर आपण मुलांच्या वर्गात वाचतही नाही. त्याच वेढ्यात वेशीबाहेर चार महारोगी होते. अरामी छावणी ओस पडलेली पाहून ते आत शिरले, पोटभर खाल्ले, रुपे-सोने उचलून लपवून ठेवले, पुन्हा दुसऱ्या तंबूत शिरले. आणि मग कोठे त्यांना उमगले की, शहर उपाशी असताना आपण गप्प राहणे बरे नव्हे. हे त्यांना पहिल्या घासाला सुचले नाही. पोट भरल्यावर सुचले. भूक असते तोवर मनात फक्त हिशेब चालतो : किती अन्न, किती रात्री. खेळातही तसेच होते. शस्त्रसंधी झाली, हिशेब थांबला, की त्या घराचे दार पुन्हा दिसू लागते. सारायेव्होत जगून-वाचून उरलेल्यांचे काय झाले असेल याचा अंदाज यावरून येतो, पण अंदाजच. खरी भूक आम्ही पाहिलेली नाही, आणि खुर्चीत चहा घेत खेळलेल्या भुकेवरून त्यांच्याविषयी निवाडा करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

या खेळाला नावाजणारे पुष्कळ आहेत. जून २०२० मध्ये पोलंडच्या पंतप्रधानांनी तो शाळांच्या वाचनसूचीत घेण्याचे जाहीर केले. खेळ प्रौढांसाठी असल्याने अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यांपुरता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केली तेव्हा निर्मात्यांनी एका आठवड्याचे या खेळाचे उत्पन्न युक्रेनच्या रेड क्रॉसला दिले. ती रक्कम साडेआठ लाख डॉलरच्या आसपास गेली. हे सर्व चांगलेच आहे.

परंतु आमची एक तक्रार आहे. या खेळात सदसद्विवेकबुद्धीचाही हिशेब ठेवलेला आहे. चोरी केली की पात्राच्या चित्राखाली 'दुःखी' असा शब्द येतो. तो वाढत वाढत 'खचलेला' होतो, आणि खचलेला मनुष्य काम करीनासा होतो. मग त्याला कोणी धीराचे शब्द बोलायचे, खुर्ची, पुस्तक, कॉफी यांची सोय करायची, की तो सावरतो. आईसाठी औषध मागावयास मुले दारी येतात. त्यांना ते दिले की घरातल्यांची मने उभारी धरतात. म्हणजे दया परवडते का, हे मोजता येते. पहिल्या वेळी खेळणाऱ्याला हे ठाऊक नसते, म्हणून त्याचे मन खरोखर हलते. दुसऱ्या वेळी ठाऊक असते. लाकूड, पाणी, पीठ, आणि त्याच ओळीत मनस्ताप : इतका खर्च, इतकी भरपाई.

तो तरुण महिन्याभराने पुन्हा आला. मधल्या काळात त्याने खेळ परत पहिल्या दिवसापासून खेळला होता. या वेळी कोणी आजारी पडण्याची वाटही न पाहता, तो सुरुवातीच्या रात्रींतच त्या जोडप्याच्या घरी गेला. पुढे औषध लागणार हे त्याला माहीत होते. म्हातारा मागे येत होता, पडद्यावर त्याचे शब्द उमटत होते. याने ते वाचले नाहीत. "दुसऱ्या वेळी काहीच वाटलं नाही, काका," तो म्हणाला. "तेच मला जास्त लागलं."

पहिल्या वेळच्या अस्वस्थतेबद्दल आम्ही त्याला सांगितले की, ती देवापुढे कबुलीसाठी नेण्याचे कारण नाही. कोणाचे काही हिरावलेले नाही, आणि तिघांचा जीव हाती असताना औषध घेणारा मनुष्य केवळ चोर नसतो. ती रुखरुख होती, आणि ती वाटली म्हणजे मन जागेवर आहे. दुसऱ्या वेळच्या काही न वाटण्याबद्दल मात्र आम्ही तितक्या झटकन बोललो नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट मुक्या प्राण्यांविषयी म्हणत असे की, त्यांना क्रूरपणे वागवणाऱ्याचे मन माणसांशी वागतानाही कठोर होत जाते. ठिपक्यांच्या म्हाताऱ्याला तो न्याय लावावा का? एका खेळाने कोणी निर्दय होतो असे आम्ही मानत नाही. पण समोरचा विनवीत असता त्याचे शब्द न वाचता पुढे जाण्याची युक्ती बोटांना एकदा साधली, की ती रुग्णालयाच्या खिडकीवर, रेशनच्या रांगेत, घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशीही साधू लागते. त्यासाठी संगणक लागत नाही. आमच्या ओळखीच्या कित्येकांना ती खेळ न खेळताच साधलेली आहे.

हे आम्ही त्याला जसेच्या तसे सांगितले. तो बराच वेळ ऐकत बसला. पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता, आणि तो मंडळीबरोबर पुढे आला. आपली परीक्षा करताना त्याने त्यात काय धरले आणि काय सोडले, हे आम्ही त्याला विचारले नाही.