हजेरीपटावर नसलेली माणसं

14 एप्रिलला गावोगाव निळे झेंडे लागतात. पहाटेपासून पुतळ्यांपाशी रांगा लागतात आणि संध्याकाळी वस्तीतली लहान मुलंसुद्धा मिरवणुकीत असतात. 1891 साली महूच्या लष्करी छावणीत जन्मलेल्या भीमरावाचा हा दिवस. या देशात एवढ्या लोकांनी एवढ्या मनापासून साजरा केलेला दुसरा जन्मदिवस मला तरी दिसत नाही. पण याच तारखेला घडलेल्या आणखी काही गोष्टी आहेत. बाबासाहेबांच्या कामाशी त्यांचं जे नातं आहे, ते यंदा वाचकांपुढे ठेवावंसं वाटतं.

1865 मध्ये याच दिवशी रात्री वॉशिंग्टनच्या एका नाट्यगृहात अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. आठ वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पुढे बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानलं. 14 एप्रिलचा हा एक धागा अमेरिकेतून पुण्यात आणि पुण्यातून महूत जन्मलेल्या मुलापर्यंत पोचतो.

दुसरी घटना अवघ्या जगाला ठाऊक आहे. 1912 च्या 14 एप्रिलला रात्री पावणेबाराच्या सुमारास टायटॅनिक हिमनगावर आदळली. त्या दिवशी बर्फाच्या सूचना एकामागून एक आल्या होत्या, तरी बोटीचा वेग कमी झाला नाही. बोटीवर सुमारे बावीसशे माणसं होती आणि जीवरक्षक होड्यांत जागा होती 1178 जणांची. यात नियम मोडला नव्हता, हे अधिक अस्वस्थ करणारं आहे. होड्यांचा ब्रिटिश नियम दहा हजार टनांपर्यंतच्या जहाजांचा विचार करून केलेला होता आणि टायटॅनिक होती सेहेचाळीस हजार टनांची. कायद्याने सोळा होड्या पुरल्या असत्या, कंपनीने वीस ठेवल्या होत्या. कागद चोख होते. तरी दीड हजार माणसं थंड पाण्यात मेली, आणि तिसऱ्या वर्गातली तर चारातली जेमतेम एकच वाचली.

तिसरी घटना आपल्या मुंबईतली आहे, आणि तिच्याविषयी मुंबईतल्याच किती माणसांना सांगता येईल याची मला शंका आहे.

14 एप्रिल 1944, शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाज दोन दिवसांपासून उभं होतं. इंग्लंडहून निघून कराचीमार्गे ते मुंबईला आलं होतं. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता. कराचीत त्यावर कापसाच्या हजारो गाठी चढवल्या गेल्या, शिवाय तेलाची पिंपं, लाकूड आणि गंधक. कापूस आणि स्फोटकं एका जहाजात ठेवू नयेत हे समजायला कुठली पदवी लागत नाही. शांततेच्या काळात असं जहाज गोदीत घेतलंच नसतं, बाहेर समुद्रात उभं करून पडावांतून माल उतरवला असता. युद्धाच्या घाईत ती सावधगिरी बाजूला पडली. धोक्याची खूण असणारा लाल बावटाही जहाजावर नव्हता.

दुपारी जहाजातून धूर दिसू लागला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. पुढचे दोन तास हे या दुर्घटनेचं खरं मर्म आहे. आग कुठे लागली हे धड सापडेना. आत शेकडो टन पाणी साचलं आणि पेटलेला कापूस त्यावर तरंगत वरच्या दारूगोळ्याकडे सरकू लागला. जहाज आहे तिथेच बुडवावं की ओढून खोल समुद्रात न्यावं, यावर धक्क्यावर चर्चा चालू होती. कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचे अधिकारी, अग्निशमन दलाचे प्रमुख असे सगळे हजर होते. पण निर्णय घेणारा कुणी नव्हता. प्रत्येकाकडे आपापल्या कक्षेतलं उत्तर होतं, आणि आग कुणाच्याच कक्षेत बसत नव्हती. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. चार हजार टनांचं ‘जलपद्म’ हे जहाज उचललं जाऊन गोदामाच्या छपरावर पडलं. पेटत्या गाठी मांडवी आणि मस्जिद बंदरच्या वस्तीवर कोसळल्या. धान्याची कोठारं जळाली, तीही बंगालच्या दुष्काळाची राख अजून ऊन असताना. हजारो कुटुंबं रस्त्यावर आली. सरकारने बातमी काही आठवडे दाबून ठेवली.

अग्निशमन दलाचे 66 जवान त्या दिवशी गेले. भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो तो त्यांच्यामुळेच. हे योग्यच आहे. आत काय भरलंय याची पुरती कल्पना न देता ज्यांना त्या जहाजावर चढवलं, त्यांचं ऋण मोठं आहे.

पण एकूण मेले किती? कुणी आठशे म्हणतं, कुणी तेराशे. एवढी मोठी तफावत का राहते? टायटॅनिकच्या दीड हजार मृतांची यादी आज नावानिशी, गावानिशी मिळते, कारण प्रत्येकाकडे तिकीट होतं किंवा बोटीवरच्या नोकरीचा करार होता. मुंबईच्या गोदीत त्या दुपारी राबणारे बहुतेक कामगार टोळीवाल्यामार्फत रोजावर आलेले होते. कोकणातले, घाटावरचे, आंध्र-उत्तरेकडचे. सकाळी दाराशी उभं राहायचं, टोळीवाल्याने बोट दाखवलं तर आत जायचं. अशा माणसाचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसे. त्या जहाजात सोन्याच्या विटाही होत्या, आणि त्यांचा मात्र हिशेब पक्का होता. पुढे कित्येक वर्षं गोदीचा गाळ उपसताना त्यातली एखादी वीट सापडली की ती कुणाची हे लगेच कळे. गाळात गेलेल्या माणसांबद्दल तसा कागदच नव्हता. याचा मला राग येतो, आणि तो येत राहावा असंच वाटतं.

आता बाबासाहेबांकडे येऊ. हा स्फोट झाला तो त्यांचा त्रेपन्नावा वाढदिवस होता, आणि त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, 1942 ते 1946. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, पण या चार वर्षांकडे फारसं बघत नाही. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा त्यांनी चालवल्या. खाणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या लाभासाठी विधेयक आणलं. कारखान्यातले आठवड्याचे तास चौपन्नवरून अठ्ठेचाळीसवर आणणारी दुरुस्ती त्यांच्याच काळात मांडली गेली. हे सगळं काम रोखठोक आणि कोरडं होतं. तास, दर, नोंदणी. त्यामागचा विचार एकच होता, की राबणारा माणूस कायद्याला दिसला पाहिजे. पुढे घटना समितीत प्रत्येक माणसाचं मोल सारखं असण्याचा आग्रह त्यांनी धरला, त्याच्या मुळाशीही हेच होतं.

1948 मध्ये गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला. त्यानंतर मुंबईत कामगारांची रीतसर नोंदणी सुरू झाली आणि टोळीवाल्याच्या बोटावर चालणारा कारभार हळूहळू मागे पडला. ते श्रेय गोदीतल्या संघटनांचंही आहे.

गोदीत जे मागे पडलं ते बाहेर मात्र जोरात आहे. आपल्या इमारतींच्या पायात, गटारांच्या तोंडाशी, फटाक्यांच्या कारखान्यांत, मोठ्या गोदामांत आजही माणसं मुकादमाच्या भरवशावर आत जातात. दुर्घटना झाली की पहिल्या दिवशी मृतांचा आकडा ‘अंदाजे’ सांगितला जातो, कारण आत किती जण होते हे ठेकेदारालाही सांगता येत नाही.

म्हणून या 14 एप्रिलला बाबासाहेबांना हार घातल्यावर एक काम करा. तुमच्या सोसायटीत, शाळेत, कार्यालयात किंवा कारखान्यात ठेक्यावर जी माणसं काम करतात, त्यांची नावं कुठल्या वहीत लिहिली जातात ते विचारा, आणि वही नसेल तर ती त्याच आठवड्यात सुरू करायला लावा.