दोन पोती तांदूळ

माझे मामा ट्रक चालवायचे. घर वरोऱ्यात, पण पावसाळ्याच्या आधी मुक्काम गडचिरोलीच्या जंगलात. भामरागडकडची बरीच गावं पावसाळ्यात नदीनाल्यांमुळे तुटतात, म्हणून रेशनचं काही महिन्यांचं धान्य आधीच पोचवून ठेवतात. एका वर्षी वाटेत बंदूकवाल्या पोरांनी गाडी थांबवली आणि दोन पोती तांदूळ उतरवून घेतला. मामा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी ठाण्यात बसवून त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली गेली : दिला कशाला?

तेव्हा मला हा प्रश्न बिनडोक वाटला होता. आता गाझाच्या सीमेवर अडकलेल्या ट्रकच्या रांगा मोबाइलवर बघताना तोच प्रश्न ऐकू येतो, जरा मोठ्या भाषेत. मदत शत्रूच्या हाती पडणार नाही, याची हमी काय?

प्रश्न खोटा नाही. तांदूळ कोणाच्या पोटात जाईल हे पोत्यावर लिहिलेलं नसतं. 1949च्या चौथ्या जिनिव्हा करारालाही ही भीती मान्य आहे. त्याचं 23वं कलम म्हणतं, शत्रूकडच्या पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी अन्न जाऊ द्या. पण माल दुसरीकडे वळेल अशी गंभीर शंका असेल, तर अडवता येतं. शंका घ्यायची कोणी? ज्याने वेढा घातलाय त्यानेच.

ही शंका किती लांब जाऊ शकते, ते आमच्या शेजारीच दिसलं. 2005 साली इंद्रावतीपलीकडे, छत्तीसगडच्या बाजूला सलवा जुडूम सुरू झालं. गावं उठवून लोकांना रस्त्याकडेच्या छावण्यांत आणलं. रेशन छावणीत मिळू लागलं, आतल्या भागातले आठवडी बाजार बंद पडले. जो गाव सोडून आला नाही, तो नक्षल्यांचा, असा हिशोब. मीठ घ्यायला चालत येणारी बाई एका फटक्यात संशयित झाली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं आदिवासी पोरांच्या हाती बंदुका देणं घटनाबाह्य ठरवलं, पण तोवर सहा वर्षं गेली होती.

मला यातली मुख्य चूक नैतिकतेच्याही आधी हिशोबाची वाटते. गावात शंभर किलोऐवजी चाळीसच किलो तांदूळ आला, तर उपाशी कोण राहील? बंदूकवाला नक्कीच नाही. त्याचं ताट आधी वाढलं जातं, मग तो जंगलातला असो की वर्दीतला. टंचाई उतरत उतरत शेवटी लेकरावर येऊन थांबते. ज्याला उपाशी ठेवायचं म्हणून नाका बसवला, तो सगळ्यात शेवटी उपाशी राहतो.

एवढं पटलं तरी एक गोष्ट मला सुटत नाही. मदत पोचलीच पाहिजे असं म्हणताना, पोचवणारा कोणीतरी माणूस असतो. 1 एप्रिल 2024 ला गाझात वर्ल्ड सेंट्रल किचनची सात माणसं इस्रायली हल्ल्यात मारली गेली. कुठून कुठे जाणार हे त्यांनी इस्रायली सैन्याला आधीच कळवलेलं होतं. वरोरा म्हटलं की लोकांना आनंदवन आठवतं, आणि मग आम्ही सगळेच जरा संत असल्यासारखं बघतात. बाबा आमट्यांच्या गावात राहून मत मांडायला काही लागत नाही. स्टेअरिंग मामांच्या हातात होतं.

तेही काही संत नव्हते. ती दोन पोती त्यांनी माणुसकीने नाही, भीतीने दिली. आणि ती त्यांची नव्हतीच, गावाची होती. हे त्यांना ठाण्यातल्या प्रश्नापेक्षा जास्त लागलं होतं. गाडी गावात पोचली तेव्हा कमी पडलेल्या पोत्यांबद्दल कोणी विचारलं नाही, असं ते सांगायचे. बायांनी तांदूळ पुन्हा मोजला आणि प्रत्येक घराच्या वाट्यातून थोडा थोडा कमी केला.