विषयपत्रिकेच्या आधी

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या जुन्या इमारतींच्या फलकांवर हल्ली पुनर्विकासाच्या विशेष सभेची नोटीस वरचेवर दिसते. तीस-चाळीस वर्षं एकाच जिन्याने चढ-उतार केलेली माणसं त्या दिवशी गच्चीवर किंवा जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये जमतात. एकमेकांच्या घरची बारशी, लग्नं, दुखणीखुपणी पाहिलेली माणसं. तरीही सभा सुरू होऊन थोडा वेळ जातो न जातो तोच कुणीतरी उभं राहून विचारतं, ‘कमिटीला बिल्डरकडून काय मिळालं?’ मग पुढचं कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही.

असं विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. त्याची सगळी पुंजी त्या दोन खोल्यांत आहे. बिल्डरने मध्येच भाडं बंद केलं तर? काम अर्धवट सोडून गेला तर? सत्तरीत घर शोधत कुठे हिंडायचं? ही भीती खरी आहे, आणि ती बोलून दाखवायला त्याला आजवर जागाच मिळालेली नाही. सोसायटी एकत्र बसते ती वर्षातून एकदा, सप्टेंबर संपायच्या आत. तीही सभा बऱ्याच ठिकाणी कोरमअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग जमलेल्या मोजक्यांत उरकते. हिशेब मंजूर, ऑडिटर नेमला, चहा झाला. जिथे लोकांनी पार्किंगवरही कधी निवांत बसून बोलणं केलं नाही, तिथे घर पाडायचा प्रश्न एकदम पुढ्यात येतो.

शासनाने यासाठी नियम केले आहेत. सहकार कायद्याच्या ७९(अ) कलमाखाली २००९ मध्ये निर्देश निघाले, ते ४ जुलै २०१९ ला सुधारले गेले. सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, ५१ टक्क्यांची संमती हवी, निबंधकांचा अधिकारी बसलेला हवा, कामकाजाचं चित्रीकरण हवं. हे सगळं हवंच. त्याने फसवणुकीला आळा बसतो. पण कॅमेरा सुरू झाला की मागच्या रांगेतल्या आजी आणखीच गप्प होतात. त्यांचं बोलणं त्याच्या आधी, वेगळ्या ठिकाणी व्हायला हवं होतं.

अशा वेळी मला भिवंडी आठवते. १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली त्या गावाने पाहिल्या होत्या. १९८८ मध्ये तिथे पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शांतता समित्या त्याआधीही होत्या, पण त्या तणाव वाढला की बोलावल्या जात आणि त्यांत तीच ती पुढारी मंडळी बसत. खोपड्यांनी गल्लीतली साधी माणसं घेतली, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि समित्यांची जबाबदारी खालच्या फळीतल्या पोलिसांवर सोपवली. या समित्या गाव शांत असतानाही बसत राहिल्या. शेजाऱ्यांची भांडणं, गल्लीतल्या रोजच्या अडचणी, असंच बोलणं व्हायचं. बैठकीत दंगलीचा विषयच नसे, आणि नेमक्या त्यामुळे माणसं मोकळी होत असावीत असं मला वाटतं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. अफवा तिथेही पोचल्याच असणार. पण खरं काय ते कुणाला विचारायचं, हे लोकांना माहीत होतं.

मुंबईने हे फार मोठी किंमत मोजल्यावर उचललं. त्याच जानेवारीत आपल्या उपनगरात, जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत माणसं जळून मेली. पुढे १९९४ मध्ये पोलिस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलिस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मुंबईत मोहल्ला कमिट्यांची चळवळ सुरू झाली. एकमेकांच्या गल्लीत पाऊल टाकायला धजत नव्हती ती माणसं एका खोलीत बसू लागली. त्या पहिल्या बैठका किती जड गेल्या असतील, याची कल्पनाही करवत नाही.

दंगलीशी सोसायटीच्या भांडणाची बरोबरी मी करत नाही. पण मोकळं बोलणं नसलं की संशय उगवतो, तो दोन्हीकडे सारखाच. आणि ते बोलणं लहानशा कामातूनही सुरू होऊ शकतं. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९०च्या दशकात गल्लीचा कचरा स्वतः हाताळायला सुरुवात केली, आणि महापालिकेच्या एएलएम (प्रगत परिसर व्यवस्थापन) योजनेची ती सुरुवात मानली जाते. ओला-सुका कचरा वेगळा करणं हे काम लहान आणि रोजचं. कुणाचं त्यात फार काही पणाला लागत नाही. म्हणूनच मला ते मोलाचं वाटतं. शब्द पाळणारा कोण, नुसता बोलणारा कोण, हे अशा कामात आपोआप कळतं. पुढे मोठा निर्णय आला की ती ओळख हाताशी असते.

त्यामुळे कमिटीवरच्या मित्रांना माझं कळकळीचं सांगणं आहे. बिल्डरांची टेंडरं मागवायच्या बरंच आधी मजल्यामजल्यावर बसा. ठराव नको, मतदान नको, प्रकल्प सल्लागाराचा (पीएमसी) माणूसही नको. खुर्च्या समोरासमोर ओळीत न मांडता सगळ्यांनी गोल बसा, म्हणजे चेअरमनचं टेबल मध्ये येत नाही. प्रत्येकाला एकच विचारा: तुम्हाला कशाची काळजी वाटते? उत्तर पूर्ण होईपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही, खुलासाही करायचा नाही. खुलासा कमिटीलाच सगळ्यात आधी सुचतो, आणि तिथेच समोरचा बंद होतो. जिच्या नावावर घर आहे पण सभेला नवराच येतो, तिला मुद्दाम बोलवा. सुनेला, भाडेकरूलाही बसू द्या. मत नसलं तरी राहतात तीच माणसं. याला महिने लागतील. लागू द्यावेत.

आणि ज्याने विरोध केला त्याचं म्हणणं इतिवृत्तात ‘काही सभासदांनी हरकत घेतली’ एवढ्यावर मिटवू नका. त्याच्याच शब्दांत लिहा, आणि इतिवृत्त कायम करायच्या आधी त्याच्या घरी जाऊन ते त्याला वाचून दाखवा.