टाळ्यांनंतरचे देणे

आरोग्यसेवकांचे जाहीर आभार मानण्याची आजची रीत २०२० च्या मार्चमध्ये रूढ झाली. इटली आणि स्पेनमधल्या शहरांत लोक ठरल्या वेळी सज्जात येऊन टाळ्या वाजवू लागले. भारतात २२ मार्चला, जनता कर्फ्यूच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता टाळ्या, थाळ्या, घंटा आणि शंख घरोघर वाजले. ब्रिटनमध्ये २६ मार्चपासून दर गुरुवारी रात्री आठला टाळ्या वाजवण्याचा उपक्रम सुरू झाला आणि तो दहा आठवडे चालला. ३ मे रोजी भारतीय सैन्यदलांच्या हेलिकॉप्टरांनी करोना रुग्णालयांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. साथ ओसरली तरी ही रीत राहिली. आधीपासूनच्या १२ मेच्या परिचारिका दिनाचे आणि १ जुलैच्या डॉक्टर दिनाचे सोहळे, चौकाचौकांतले सत्कार, ‘कोविड योद्धा’ अशी सन्मानपत्रे आणि शाल-श्रीफळ हे सगळे तिचेच प्रकार. ज्यांच्यासाठी हे होते त्यांच्या पदरात यातून नेमके काय पडते, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

आभारांचा उपयोग होतच नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये श्रम आणि मोबदला यांच्या तोलाविषयी एक सिद्धांत मांडला. माणसाला कामाचा मोबदला तीन वाटांनी मिळतो: पैसा, मान, आणि नोकरीतले स्थैर्य किंवा बढती. श्रम फार आणि मोबदला कमी अशी स्थिती लांबली की त्याचा ताण मनावर आणि हृदयावरही येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. या हिशेबात मान हा खराखुरा मोबदला आहे. मार्च २०२० मध्ये या आजारावर औषध नव्हते, लस नव्हती, आणि वॉर्डात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी धास्ती होती. अशा वेळी तुमच्या कामाचे मोल आम्हाला कळते, असे गावाने एका सुरात सांगणे ही छोटी गोष्ट नव्हती. मात्र सीग्रिस्ट यांच्या तीन वाटांपैकी टाळ्या एकाच वाटेने येतात. उरलेल्या दोन वाटा रिकाम्या राहिल्या तर पहिली कितीही भरून वाहिली तरी तोल साधत नाही.

दुसरी मर्यादा थकव्याच्या स्वरूपात आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी व्यावसायिक थकव्याचे तीन घटक सांगितले: भावनिक रितेपण, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही घडत नाही अशी भावना. कृतज्ञतेचा शब्द तिसऱ्या घटकावर चांगले काम करतो. पहिला घटक मात्र कामाच्या तासांतून आणि एका परिचारिकेकडे किती रुग्ण सोपवले आहेत यातून जन्मतो. करोना वॉर्डात एकदा पीपीई किट चढवले की पाळी संपेपर्यंत पाणी नाही, लघवीला जाणे नाही. चष्म्यावर वाफ धरलेली, दोन-दोन हातमोज्यांतून शीर सापडत नाही, आणि किट उतरवल्यावर नाकाच्या दांडीवर मास्कचा वळ. काही परिचारिका डायपर लावून पाळी काढत. या त्रासावर उतारा एकच होता: जास्त माणसे, छोट्या पाळ्या आणि पुरेसे किट. ८ एप्रिल २०२० रोजी डॉक्टर-परिचारिकांना योग्य संरक्षक साधने आणि सुरक्षा पुरवण्याचा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. थाळ्या वाजून तेव्हा पुरते तीन आठवडेही झाले नव्हते.

हावभाव आणि वागणूक यांतले अंतर तर दोन दिवसांतच दिसले होते. दिल्लीच्या एम्समधील निवासी डॉक्टरांच्या संघटनेने २४ मार्चला केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र लिहून कळवले की, संसर्गाच्या भीतीने घरमालक डॉक्टरांना घराबाहेर काढत आहेत. एप्रिलमध्ये चेन्नईत करोनाने मरण पावलेल्या एका डॉक्टरच्या दफनाला जमावाने हिंसक विरोध केला. २२ एप्रिलला केंद्र सरकारला साथरोग कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती करून आरोग्यसेवकांवरील गंभीर हल्ल्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद करावी लागली. सज्जातून ज्यांना सलाम केला तेच जिन्यात समोर आले की माणसे अंग चोरत होती. यात नुसता ढोंगीपणा पाहणे सोपे आहे. भीतीही खरी होती आणि कृतज्ञताही. एकदा चांगले कृत्य हातून झाले की आपल्या वाट्याचे कर्तव्य उरकले असे मनाला वाटते आणि पुढच्या कसोटीला माणूस सैल पडतो, ही प्रवृत्ती मानसशास्त्राला ठाऊक आहे. फुकटातल्या हावभावात हा धोका अधिक असतो, कारण त्यात समाधान लगेच मिळते आणि झीज काहीच सोसावी लागत नाही.

सत्काराच्या भाषणांतून उभी राहणारी योद्ध्याची प्रतिमा हा आणखी एक पेच. ‘जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ या नियतकालिकात २०२० मध्ये कॅट्रिओना कॉक्स यांनी त्याकडे लक्ष वेधले. आरोग्यसेवकांना वीर ठरवले की त्यांनी किती धोका पत्करावा आणि त्या बदल्यात समाज त्यांचे काय देणे लागतो, ही चर्चाच थांबते, असे त्यांचे म्हणणे होते. वीराने तक्रार करायची नसते. त्याला भीती वाटायची नसते आणि तो मरण पावला तर ते हौतात्म्य ठरते. मग किट का कमी पडले, हे कोणी विचारत नाही. शिवाय या प्रतिमेत सगळे मावत नाहीत. सत्काराच्या व्यासपीठावर डॉक्टर असतात, क्वचित सिस्टर असतात. वॉर्डातल्या मावशी आणि मामा, शवागारातले कामगार, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, १०८ रुग्णवाहिकेचे चालक आणि कंत्राटी सफाई कामगार यांची नावे यादीत फारशी नसतात. धोका मात्र त्यांनाही तेवढाच असतो, आणि त्यांच्यातल्या अनेकांना आजारपणाची भरपगारी रजाही नसते.

आभार आणि देणे यांचा संबंध कसा तुटतो, हे विम्याच्या एका प्रकरणात स्पष्ट दिसते. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने करोनाशी झुंजणाऱ्या आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांचे विमाकवच जाहीर केले. हे पाऊल टाळ्यांच्या कितीतरी पुढचे होते. त्याच महिन्याच्या अखेरीस नवी मुंबईत खासगी डॉक्टरांना दवाखाने उघडे ठेवण्याच्या नोटिसा निघाल्या आणि न ऐकल्यास गुन्हा दाखल करण्याचा इशारा देण्यात आला. दवाखाना उघडा ठेवणाऱ्या एका डॉक्टरचा जूनमध्ये करोनाने मृत्यू झाला. पत्नीने विम्यासाठी केलेला दावा फेटाळला गेला. कारण असे की, करोना रुग्णांच्या उपचारासाठी त्यांची सेवा सरकारने रीतसर मागवलेली नव्हती, नोटीस फक्त दवाखाना उघडण्यापुरती होती. मुंबई उच्च न्यायालयानेही मार्च २०२१ मध्ये हीच बाजू मान्य केली. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा डॉक्टरांच्या सेवा सरकारने मागवल्या होत्या असेच मानले, मात्र प्रत्येक दावा पुराव्यावर तपासायचा असे सांगितले. पाच मिनिटांच्या टाळ्यांना कोणतीही अट नव्हती. विम्याच्या अटीचा अर्थ लागायला पाच वर्षे गेली.

महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशा सेविकांची गोष्टही याच वळणाची. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत त्या ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर घेऊन दारोदार फिरल्या. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा वहीत टिपायचा आणि पुढच्या दारी जायचे, असा त्यांचा दिवस. कागदोपत्री त्या स्वयंसेविका, त्यामुळे वेतनश्रेणी नाही. जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला. तेव्हा महिना एक हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मिळाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला, देशभर अभिनंदन झाले. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्यातल्या आशा पुन्हा मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या होत्या. मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दरमहा पाच हजार रुपयांची वाढ मंजूर केली. पैसे संपाने मिळाले, पुरस्काराने मिळाले नाहीत. तरीही पुरस्कार निरुपयोगी ठरत नाही. ज्यांचे काम जगाने वाखाणले त्यांची मागणी अवास्तव म्हणून उडवून लावणे सरकारला जड जाते.

सुरक्षिततेचा प्रश्न साथीपुरता नाही. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर अमानुष हल्ला झाला तेव्हा त्या तळघरात कपडे बदलत होत्या. त्यानंतर परिचारिकांनी संप केला. त्यात अरुणा यांच्या उपचारांबरोबर स्वतःच्या कामाची परिस्थिती सुधारण्याची मागणी होती. पुढे जवळजवळ ४२ वर्षे तिथल्याच परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्या सेवेचे देशभर कौतुक झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. ती लांबलेल्या पाळीत सेमिनार हॉलमध्ये विश्रांतीला गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमताना विश्रांतीच्या खोल्यांची वानवा आणि ३६-३६ तासांच्या पाळ्या यांचा उल्लेख केला. निवासी डॉक्टरांचे काम साधारणपणे आठवड्याला ४८ तासांहून जास्त नसावे, असे १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत म्हटलेले आहे. दोन्ही घटनांत पन्नास वर्षांचे अंतर आहे. आतून कडी लावता येईल अशी खोली या काळातल्या कोणत्याही सत्कार समारंभातून मिळाली नाही.

ब्रिटनचा अनुभव नाण्याच्या दोन्ही बाजू दाखवतो. तिथला टाळ्यांचा उपक्रम सुरू करणाऱ्या ॲनमेरी प्लास यांनीच मे २०२० मध्ये तो थांबवावा असे सुचवले, कारण त्याला राजकीय रंग चढू लागला होता. मार्च २०२१ मध्ये तिथल्या सरकारने परिचारिकांना एक टक्का पगारवाढ सुचवली तेव्हा संताप उसळला, आणि पुढे ती तीन टक्के करण्यात आली. डिसेंबर २०२२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या संघटनेने आपल्या इतिहासातला पहिला देशव्यापी संप केला. टाळ्यांनी बिले भरत नाहीत, अशा आशयाचे फलक त्यात होते. पण याच काळात एक वेगळी गोष्टही घडली. परदेशातून आलेल्या परिचारिकांना, त्या ज्या आरोग्यसेवेत राबत तिच्याच वापरासाठी वर्षाला ४०० पौंड आकार भरावा लागे. मे २०२० मध्ये सरकारने आरोग्यसेवकांना त्यातून वगळायचे ठरवले. ज्यांच्यासाठी दर गुरुवारी टाळ्या वाजत होत्या त्यांच्याकडूनच हा आकार वसूल करणे सरकारला अवघड झाले होते. म्हणजे हावभावातून दबावही तयार होऊ शकतो. टाळी हे वचन आहे असे धरून लोकांनी ते वसूल करायला घेतले, तर तिला किंमत येते.

यातून जाहीर आभारांची पारख करण्याच्या तीन कसोट्या निघतात. पहिली, आभार मानणाऱ्याला त्यासाठी काही पदरमोड करावी लागते का. रुग्णालयातली रिक्त पदे भरणारी महापालिका आणि फलक लावणारी महापालिका यांतला फरक इथे कळतो. दुसरी, आभार मावशी, मामा आणि कंत्राटी कामगारांपर्यंत पोहोचतात का. तिसरी कसोटी सर्वांत अवघड: ज्याचे आभार मानले तो हक्क मागू लागला की आदर टिकतो का. संपाच्या दिवशी रुग्णांचे हाल होतात, आणि तातडीची सेवा चालू ठेवणे हे संप करणाऱ्यांचेही नैतिक बंधन आहे. पण कालचा देवमाणूस आज मागणी करतो म्हणून लोभी ठरत असेल, तर कालचा आदर त्याच्या मुकाट्याने सोसण्याला होता, कामाला नव्हता.

आभार शोभतात ते कर्तव्यापलीकडे केलेल्या गोष्टीसाठी. वेळेवर पगार, पुरेशी साधने, झोपायला खोली आणि मारहाणीपासून संरक्षण या गोष्टी कर्तव्याच्या अलीकडच्या आहेत. त्या थकवून आभार मानले की हक्काचे रूपांतर उपकारात होते आणि घेणेकऱ्यालाच मिंधे वाटू लागते. त्या चुकत्या केल्या तर त्याच आभारांना वजन येते. नागरिकाच्या हातीही बरेच आहे. घरी सोडताना कोणत्या सिस्टरने काय केले हे नाव घेऊन मेट्रनला लिहून द्यावे. अतिदक्षता विभागाबाहेर एकाच नातेवाइकाने थांबावे. मृत्यूच्या बातमीवर हात उगारणाऱ्याला आपल्याच माणसांनी आवरावे. निवडणुकीत उमेदवाराला सरकारी रुग्णालयातल्या रिक्त जागांचा हिशेब विचारावा. यातल्या पहिल्या कामाला पाच मिनिटे लागतात, शेवटच्याला पाच वर्षे पाठपुरावा करावा लागतो. आरोग्यसेवकांना गरज दोन्हींची आहे.