धक्क्याची थकबाकी

माणसानं कुणाचं देणं लागू नये, असं सुभाषितवाले सांगतात. आम्ही बँकवाले मात्र माणसानं देणं लागावं म्हणूनच टेबल मांडून बसतो. तेव्हा या प्रश्नावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे. दाखल्यादाखल दोन जुन्या मोटारी घेऊ : प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८००.

पद्मिनी १९६४ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली ती 'फियाट ११०० डिलाइट' या नावानं. पुढं तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं, पण आमच्याकडं लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणाले. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर आणि थाट राणीचा. राणी म्हटल्यावर चाकरीला माणसं आलीच. बॅटरी उतरली की गल्लीतले चारजण ढकलायला हजर. तुळजापूरच्या घाटात तापली की रेडिएटरला पाणी. आता आमचा धाराशिव जिल्हा (तेव्हाचा उस्मानाबाद), मे महिना, आणि पाणी! दोन मैलांवरून डोक्यावर आणलेली कळशी वस्तीवरची म्हातारी पुढं करायची. "घे बाबा, आधी गाडीला पाज." ही नोंद कुठल्याच खतावणीत नाही.

मारुती आली १४ डिसेंबर १९८३ ला. पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींनी दिली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. रेडिएटर तिलाही होता, पण ती पाणी मागत दारोदार हिंडली नाही. किल्ली फिरवली की निघाली. माणूस स्वावलंबी झाला, काचा वर झाल्या आणि गल्लीतल्यांची नावं हळूहळू विसरली.

इथं "गेले ते दिवस!" म्हणून उसासा टाकायची प्रथा आहे. पण थांबा. उसासा टाकणारे सगळे फियाटच्या आत बसलेले असतात. ढकलणाऱ्यांपैकी कुणी उसासा टाकताना मी पाहिलेला नाही. गाडी सुरू झाली की ती पुढं, आणि हे धुरात हात झटकत उभे. यांतल्याच एकाच्या मुलानं पुढं हप्त्यानं जुनी मारुती घेतली. कागद माझ्या टेबलावर. मी सहज म्हणालो, "जुन्या गाड्यांची मजा काही औरच, नाही?" तो म्हणाला, "साहेब, ते माझ्या बापाच्या कमरेला विचारा."

त्या दिवसापासून माझा ताळा जुळत नाही. कॉमर्सला शिकवलं होतं, जेवढं नावे तेवढं जमा. फियाटवाल्याच्या खात्यात नुसतंच नावे, तो थकबाकीदार. मारुतीवाला घेत नाही, देत नाही. दोन वर्षं व्यवहार नसलेल्या खात्याला आम्ही निष्क्रिय म्हणतो. दोघांत बरा कोण? बँकेच्या अनुभवानं सांगतो, थकबाकीदार बरा. त्याच्या दारात निदान जाता येतं. मात्र एक अट आहे : पुढच्या वेळी गाडी दुसऱ्याची अडली, तर यानं खाली उतरून ढकलायला हवं.

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, मुंबईतली पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाली. गाड्या भंगारात गेल्या. कळशीभर पाणी मात्र आजही येणे बाकीत दिसतं, आणि ते निर्लेखित करायचा अधिकार आमच्या शाखेला नाही.