पेटत्या बनेटीला जामीन कोण?

दुसऱ्याच्या हातातली आग बघायला माणसाला फार आवडतं. आमच्या मंगळवार पेठेत ही आवड जोपासायला लांब जावं लागत नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत कुठल्या ना कुठल्या चौकात रिंगण पडतं, हलगी कडाडते आणि मर्दानी खेळ सुरू होतात. लाठी होते, दांडपट्टा होतो, विटा होतो, फरी-गदगा होतो. पण गर्दी थांबलेली असते बनेटीसाठी. साधी काठी. दोन्ही टोकांना चिंध्या गुंडाळायच्या, रॉकेलात बुडवायच्या, पेटवायच्या आणि काठी गरागरा फिरवायची. अंधारात काठीही दिसत नाही आणि माणूसही. दिसतं ते नुसतं आगीचं चक्र.

हे चक्र फार जुनं आहे. गौडपादाचार्यांच्या माण्डूक्यकारिकेतल्या चौथ्या प्रकरणाचं नावच 'अलातशांती'. अलात म्हणजे कोलीत. कोलीत फिरवलं की चक्र दिसतं, थांबवलं की नाहीसं होतं. ते कुठून आलं नाही नि कुठे गेलं नाही, आणि हे जगही तसंच, असं आचार्यांचं म्हणणं. कॉमर्सच्या माणसाने वेदान्तात फार खोल शिरू नये. पण चक्र खोटं धरलं तरी कोलीत उरतंच, कोलीत धरणारा हात उरतो, आणि तो हात कुणाच्या तरी पोराचा असतो. माझी अडचण तिथून सुरू होते.

जे धाडस आपण आपल्या पोराला करू देणार नाही, ते दुसऱ्याच्या पोराने केलं तर टाळी वाजवावी का? 'शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात' ही म्हण आपण हसत हसत म्हणतो. हसण्यासारखं तिच्यात खरं तर काही नाही. बँकेत मी हा व्यवहार रोज बघतो. कर्ज एकाने काढायचं, जामीन दुसऱ्याने राहायचं आणि जेवणावळीला तिसऱ्याने जायचं. सही करताना जामीनदाराचं तोंड बघावं. जेवणाऱ्याचं तसं कधीच होत नाही. रिंगणाभोवती आपण सगळे जेवणारे.

हा प्रश्न तात्त्विक होता तोवर बरा होता. माझी मुलगी नववीत आहे, दोन वर्षं तालमीत जाते. हल्ली मुलीही मर्दानी खेळ खेळतात आणि उत्तम खेळतात. एका रात्री भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "पप्पा, यंदा मी पेटती फिरवतो." (कोल्हापूरच्या मुली 'मी जातो, मी करतो' म्हणतात, पुण्याचे पाहुणे दचकतात, आम्ही नाही. या खेपेला मी दचकलो, पण ते व्याकरणामुळे नव्हे.) मी सौभाग्यवतींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "अहो, दरवर्षी पुढं जाऊन शिट्ट्या मारताय ते कुणासाठी? ती पोरं काय झाडाला लागलेली असतात?"

म्हणून वस्तादांकडे गेलो. वस्ताद चहा पीत होते.

"आगीचं काय घेऊन बसलाय साहेब? आग लई शेवटी. दोन वर्सं कोरडीच काठी फिरवलीय तिनं. काठी तीच, हात तोच, पवित्रा तोच."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चिंध्या सुती हव्यात आणि अंगावरचे कपडेही सुतीच, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. केस घट्ट बांधायचे. रॉकेलात बुडवलेली टोकं निथळून, झटकून घ्यायची, नाहीतर पेटते थेंब लोकांच्या अंगावर जातात. पेट्रोलला हात लावायचा नाही. (याचं कारण मी घरी येऊन वाचलं: पेट्रोलची वाफ शून्याच्या कितीतरी खालीही पेट घेते, रॉकेल निदान अडतीस-चाळीस अंशांपर्यंत दम धरतं.) काठी फिरत असेपर्यंत ज्वाळ मागे रेलते; थांबली की ती सरळ होते आणि वर हाताकडे यायला बघते.

"म्हंजे भ्यायचं ते थांबताना," वस्ताद म्हणाले.

"आणि तुम्ही तेव्हा काय बघता?"

"पाय. लोकं आग बघत्यात, मी पाय बघतो. पाय चुकला की हात चुकतोय. हातात ओलं पोतं असतंय माझ्या."

आग म्हणजे काय, हे आमच्या भागाला शिकवायला नको. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. खासबाग मैदानाला लागून असलेलं, शाहू महाराजांच्या काळातलं ते नाट्यगृह. त्या रात्रीही गर्दी जमली, पण टाळी कुणी वाजवली नाही, लोक रडले. त्या आगीचं दुसरं टोक कुणाच्याच हातात नव्हतं.

आगीशी खेळणं ही काही आपलीच मिरासदारी नव्हे. सामोआ बेटांवरच्या सुरीनाचाला आग जोडली फ्रेडी लेटुली या नर्तकाने, १९४६ साली, सॅन फ्रान्सिस्कोत. आणि त्याला ते सुचलं म्हणे आग गिळणारा एक हिंदू आणि काठी फिरवणारी एक लहान मुलगी बघून. तिच्या बापाचं बरं होतं, तिच्या काठीला विजेचे दिवे होते. हल्ली तर परदेशात कमरेभोवती फिरवायच्या कड्यालाही वाती लावून पेटवतात. ही बातमी मी घरात सांगितलेली नाही.

उठताना वस्तादांना शेवटचं विचारलं, "काही झालं तर जबाबदारी कुणाची?" बँकेतला माणूस दुसरं काय विचारणार?

"निम्मी माझी. निम्मी तुमची. पोतं धरायला या."

गेलो. गोणपाट भिजवलं की किती जड होतं, ते बँकेत बसून कळत नाही. हलगी सुरू झाली, टोकं पेटली, लोकांनी आरोळी दिली, आणि मी तिच्या पायांकडे बघत उभा राहिलो. डावा पुढे, उजवा मागे, वळण, पुन्हा डावा. शेवटी काठी खाली आली, मी नि वस्तादांनी एकेका टोकावर पोतं दाबलं, चर्रर्र आवाज झाला. पलीकडच्या वाड्यातले तात्या गर्दीतून ओरडले, "लई भारी फिरवली पोरीनं! गोल बघितलासा न्हवं?"

गोल मी बघितलाच नव्हता.

पोतं खाली ठेवायला लागलो तर वस्ताद म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हातात, अजून दोघं हाईत." पुढचा मुलगा कुणाचा, मला माहीत नव्हतं. त्याचे पाय मात्र जरा जवळजवळ पडत होते, तेवढं मी वस्तादांना ओरडून सांगितलं.