दोन तासांनंतरचा आठवडा

नैराश्याच्या गोळ्या सुरू करताना डॉक्टर हमखास बजावतात: गुण यायला काही आठवडे लागतील, मध्येच सोडू नका. ज्याला उद्याची सकाळही नकोशी झाली आहे, त्याला एवढी मुदत देणे क्रूर वाटते. म्हणून काही तासांत आराम देणाऱ्या औषधांचे मोल मोठे आहे. पण त्या आरामाला टिकवणारी व्यवस्था नसेल, तर तो वेग रुग्णाच्या फारसा कामी येत नाही.

यातले मुख्य औषध, केटामाइन, नवे नाही. ते 1962 मध्ये तयार झाले आणि भूल देण्यासाठी गेली अनेक दशके जगभर वापरले जाते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने ते अन्य औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांना शिरेतून दिले. दोन तासांच्या आत फरक दिसू लागला. दुसऱ्या दिवशी 17 पैकी 12 जणांना ठळक आराम होता. तो आठवडाभर मात्र सहाच जणांत टिकला.

इतक्या झटपट गुण का येतो? नेहमीच्या गोळ्यांनी सेरोटोनिन काही तासांतच वाढते, तरी मन सावरायला आठवडे जातात. म्हणजे आजाराचे मूळ केवळ एका रसायनाच्या कमतरतेत नाही. केटामाइन ग्लुटामेट या संदेशवाहकाच्या व्यवस्थेवर काम करते. सध्याच्या एका प्रमुख स्पष्टीकरणानुसार, मेंदूतल्या काही पेशी इतर पेशींना सतत लगाम घालून असतात. केटामाइन तो लगाम थोडा वेळ सैल करते. ग्लुटामेटचा प्रवाह वाढतो, बीडीएनएफ नावाचे वाढीला पोषक प्रथिन सक्रिय होते आणि मेंदूच्या पुढच्या भागात पेशींमध्ये नवे जोड तयार होतात. येल विद्यापीठातील संशोधकांनी 2010 मध्ये उंदरांच्या मेंदूत हे जोड एका दिवसात वाढलेले पाहिले.

2019 मधला उंदरांवरचाच एक प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. त्यात वागणे आधी सुधारले, नवे जोड काही तासांनी दिसले. ते जोड मुद्दाम नाहीसे केल्यावर सुधारणा टिकली नाही. आराम मिळणे आणि आराम टिकणे या दोन वेगळ्या घटना आहेत. माणसाच्या बाबतीत हे तंतोतंत असेच घडते असे म्हणण्याची घाई नको. पण त्या सहा जणांचा आकडा त्याच दिशेने बोट दाखवतो.

आराम टिकवणारी व्यवस्था आपल्याकडे आहे का? त्यासाठी आता इंदूरकडे पाहू. एम. वाय. हॉस्पिटल आणि बाणगंगेचे मानसिक चिकित्सालय यांच्याकडे शहराबरोबरच माळवा-निमाडही आशेने पाहतो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशासह 12 राज्ये होती. त्यात नैराश्याच्या सुमारे 85 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. बडवानी-खरगोनहून आलेला रुग्ण एका इंजेक्शनने हलका होऊन संध्याकाळच्या बसने परतला, तर पुढच्या आठवड्यात त्याची विचारपूस कोण करणार? अचानक गुण आला की घरचेही निर्धास्त होतात. आराम ओसरतो तेव्हा रुग्णाला वाटते, आता हाही उपाय संपला. तो क्षण धोक्याचा असतो.

शिवाय या औषधाने रक्तदाब वाढतो, काही काळ भान सुटल्यासारखे होते, दीर्घ गैरवापराने मूत्राशयाला इजा होते, व्यसनही जडू शकते. त्याच्याच भावंडाला, एस्केटामाइनच्या नाकातल्या फवाऱ्याला, अमेरिकेने 2019 मध्ये परवानगी दिली ती प्रत्येक मात्रेनंतर किमान दोन तास देखरेखीच्या अटीवर.

म्हणून मागणी औषधाच्या विरोधात नाही. जीव धोक्यात असलेल्याला तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते मिळालेच पाहिजे, आणि खासगी दवाखान्याचे बिल न परवडणाऱ्यालाही. पण पुढच्या भेटीची तारीख, समुपदेशन, नियमित गोळ्या आणि गावातल्या आरोग्य केंद्राशी संपर्क हे त्या उपचाराचेच भाग मानावेत. 14416 या टेली-मानस क्रमांकावर मदत मिळते. तो रुग्णाइतकाच घरच्यांनाही लिहून द्यावा. ज्या दवाखान्याकडे आठव्या दिवसाची योजना नाही, त्याने पहिल्या दिवसाचे इंजेक्शन विकू नये.